कुमारिकांचा चौक

इस्राएलमधून स्पेनच्या सहलीस जाणाऱ्यांची संख्या हल्ली बरीच वाढली आहे आणि आपल्या समाजातील कुटुंबेही तीत मागे नाहीत. माद्रिद, तोलेदो, कोर्दोबा, सेव्हिल, ग्रानादा अशी आठ-दहा दिवसांची धावपळ करून मंडळी परतली की शब्बाथ संपल्यावर एखाद्या संध्याकाळी चहाबरोबर छायाचित्रे दाखविण्याचा कार्यक्रम ठरलेलाच असतो. अशाच एका बैठकीत आमच्यापुढे एक छायाचित्र आले. मध्यभागी लांबट अरुंद हौद, त्याच्या दोन्ही अंगांस खोलगट बाग, चहूबाजूंनी जोडखांबांवर तोललेल्या पाकळीदार कमानी आणि कमानींवर एखाद्या नाजूक वस्त्रासारखी पसरलेली चुन्याची जाळी. सेव्हिल शहरातील अल्काझार नावाच्या राजवाड्याचा हा मुख्य चौक. त्याचे स्पॅनिश नाव ‘पातियो दे लास दोन्सेयास’, म्हणजे कुमारिकांचा चौक. छायाचित्र दाखविणाऱ्या बाईंनी वाटाड्याकडून ऐकलेली हकिकतही सांगितली. मूर सुलतान दरवर्षी ख्रिस्ती राज्यांकडून शंभर कुमारिका खंडणी म्हणून घेत आणि त्या बिचाऱ्यांना ह्याच चौकात आणून उभे करीत! ऐकणाऱ्यांनी चुकचुक केली आणि पुढचे छायाचित्र पाहिले.

आम्हांस मात्र ती चुकचुक बोचली. कथा खोटी आहे हे एक कारण. खोट्या कथा सांगून पोट भरणारे वाटाडे आपल्या देशातही आहेत. खरे कारण असे की, ज्या राजाने हा चौक बांधविला त्याच्या पदरी एक यहुदी खजिनदार होता. तो त्या राजाचा उजवा हात होता आणि त्याच राजाच्या हुकमाने, ह्याच शहरात, त्याचा छळ करून प्राण घेण्यात आला. त्याचे नाव सहलीतील कोणाच्याही कानांवर पडले नव्हते. तेव्हा ह्या चौकाची समग्र हकिकत वाचकांपुढे ठेवावी असे आम्ही ठरविले.

अल्काझार हा शब्द अरबी ‘अल-कस्र’ म्हणजे किल्ला, महाल ह्यापासून आलेला आहे. इ. स. ७१२ मध्ये सेव्हिल मुसलमानांच्या ताब्यात गेले आणि पुढे पाचशेहून अधिक वर्षे त्यांच्याकडेच राहिले. अकराव्या शतकात कोर्दोबाची खिलाफत मोडून जिकडेतिकडे लहान राज्ये उभी राहिली, त्यांत सेव्हिलचे अब्बादी घराणे फार वैभवास चढले. त्यातील अल्-मुतमिद (कारकीर्द १०६९–१०९१) हा राजा स्वतः नामांकित कवी होता. त्याच्या दरबारी रब्बी यित्झाक इब्न अल्बालिया हे ज्योतिर्विद म्हणून होते आणि राज्यातील यहुद्यांचे प्रमुखपदही त्यांच्याकडे होते. राजाचा ‘अल्-मुबारक’ महाल आजच्या अल्काझारच्याच जागी होता.

अल्-मुतमिदची राणी इतिमाद ही मूळची दासी. एकदा नदीकाठी विटा करण्यासाठी अनवाणी चिखल तुडविणाऱ्या बायका तिने पाहिल्या आणि आपणही तसे करावे असा तिला मोह झाला. राजाने काय करावे? महालाच्या चौकात कापूर, कस्तुरी व अंबर ह्यांचा चुरा पसरून त्यावर गुलाबपाणी ओतविले व त्याचा चिखल केला. राणी व तिच्या सख्यांनी तो मनमुराद तुडविला. पुढे कधीतरी रागाच्या भरात राणी म्हणाली की, तुमच्या घरी येऊन मी सुखाचा एक दिवस पाहिला नाही. राजाने एवढेच विचारले, चिखलाचा दिवससुद्धा नाही का? राणी खाली मान घालून गप्प बसली. १०९१ मध्ये मोरोक्कोच्या अल्मोराविदांनी सेव्हिल घेतले, राजाराणीला बंदी करून आफ्रिकेत नेले आणि तेथे अग्मात गावी दारिद्र्यात त्यांचा शेवट झाला. ही गोष्ट अरबी ग्रंथकारांनी पुन्हा पुन्हा सांगितली आहे. ती घडली की रचली हा प्रश्न आम्ही विचारीत नाही, कारण ह्या गोष्टीने कोणाचे वाईट केलेले नाही. पुढे येणाऱ्या गोष्टींबाबत असे म्हणता येत नाही.

२३ नोव्हेंबर १२४८ रोजी कास्तीलचा राजा तिसरा फेर्नांदो ह्याने सेव्हिल जिंकले. त्या शहराच्या दोन चाव्या तेथील मुख्य चर्चच्या खजिन्यात ठेवलेल्या असून त्यांतील एकीवर इब्री अक्षरांत लेख आहे. शहरातील यहुद्यांनी ती नव्या राजाला अर्पण केली, अशी परंपरा आहे. तो लेख राजाधिराज परमेश्वर द्वार उघडील अशा अर्थाचा आहे. फेर्नांदोच्या थडग्यावरचा लेखही लॅटिन, कास्तिलियन, अरबी व इब्री अशा चार भाषांत कोरलेला आहे. नवा राजा आपल्याला पूर्वीपेक्षा बरे दिवस दाखवील अशी आशा त्या पिढीने बाळगली असावी, आणि काही काळ ती खोटीही ठरली नाही. अल्काझारच्या भिंतीला लागूनच यहुद्यांचा मोहल्ला वसला.

आता ज्या राजाशी आपल्याला प्रयोजन आहे तो फेर्नांदोच्या वंशातील पेद्रो. १३५० मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी तो गादीवर आला. शत्रूंनी त्याला ‘क्रूर’ म्हटले, चाहत्यांनी ‘न्यायी’ म्हटले. दोन्ही नावे आजतागायत चालू आहेत. त्याने जुन्या अल्काझारच्या आवारात स्वतःसाठी नवा महाल बांधविला. त्याच्या दर्शनी भिंतीवरील लेखात स्पेनच्या जुन्या कालगणनेप्रमाणे १४०२ हे वर्ष आहे. ती गणना आपल्या नेहमीच्या सनापेक्षा ३८ वर्षांनी पुढे असल्यामुळे हे वर्ष इ. स. १३६४ होते. म्हणजे मुसलमानांची सत्ता सेव्हिलमधून जाऊन तेव्हा ११६ वर्षे झाली होती. ज्या चौकात मूर सुलतानाने कुमारिका उभ्या केल्या म्हणून सांगतात, तो चौक कोण्या मूर सुलतानाने डोळ्यांनी पाहिलेलाही नाही!

मग तो दिसतो मूर धाटणीचा, हे कसे? ख्रिस्ती राजाच्या अमलाखाली राहून आपले धर्म व कसब सांभाळणाऱ्या मुसलमान कारागिरांना ‘मुदेहार’ म्हणत, आणि हा महाल त्यांच्याच हातचा. काही कारागीर सेव्हिलचे, काही तोलेदोचे होते. ग्रानादाचा सुलतान पाचवा मुहम्मद हा पेद्रोचा मित्र असल्यामुळे तिकडच्या कलेची छापही येथे स्पष्ट दिसते. भिंतीवरील अरबी लेखांत ‘आमचे धनी सुलतान दोन पेद्रो’ ह्यांचा जयजयकार केलेला आहे. दर्शनी भागावर राजाच्या स्पॅनिश लेखाच्या मधोमध ग्रानादाच्या सुलतानांचे ब्रीद, अल्लाहवाचून कोणी विजयी नाही, हे निळ्या अक्षरांत आठ वेळा गुंफलेले आहे. ख्रिस्ती राजाच्या दारावर! त्या काळी डौलदार राहणी म्हणजे मूरांची राहणी असे समीकरण होते. आमच्या वाचकांना ह्याचे नवल वाटण्याचे कारण नाही. पुण्याच्या ब्राह्मण पेशव्यांचे ‘पेशवा’ हे पदच मुळी फारसी आणि त्यांच्या फडणिसांचेही तसेच.

चौकाविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. प्रत्येक बाजूची मधली कमान शेजारच्या कमानींपेक्षा उंच व रुंद आहे, त्यामुळे चौकात उभे राहणाऱ्याची नजर आपोआप त्या बाजूच्या दालनाकडे वळते. खालच्या भिंतींवर रंगीत चिनी मातीच्या तुकड्यांची भौमितिक नक्षी आहे. तुकडे एकेक करून कापून बसविलेले असल्यामुळे जवळून पाहिले तर कारागिराचा हात ओळखू येतो. एका अंगाला दरबारी दालन आहे. त्यावरचा लाकडी सोनेरी घुमट मागाहूनचा, १४२७ सालचा, पण दारे मूळचीच. त्या प्रचंड दारांवरील अरबी लेखांत ती तोलेदोच्या सुतारांनी १३६६ मध्ये केल्याचे नमूद आहे, आणि आतल्या बाजूस लॅटिनमध्ये बायबलातील वचने असून त्यांत तेहिल्लीममधील वचनांचाही समावेश आहे. चौकाला लागून आणखी एक लहान चौक आहे, तो राजघराण्याच्या खाजगी वापरातला. त्याला बाहुल्यांचा चौक म्हणतात, कारण तेथील कमानीच्या बुडाशी अंगठ्याएवढे चेहरे कोरलेले आहेत. ते शोधून काढण्यात लहान मुलांचा अर्धा तास सहज जातो.

आता कुमारिकांची कथा. आठव्या शतकात उत्तरेकडील आस्तुरियासच्या डोंगराळ राज्यात माउरेगातो (७८३–७८८) नावाचा राजा होता. तो मूरांच्या मदतीने गादीवर बसला आणि मोबदल्यादाखल दरवर्षी शंभर कुमारिका, पन्नास कुलीन घरच्या व पन्नास सामान्य घरच्या, देण्याचे त्याने कबूल केले म्हणतात. पुढे रामिरो राजाने ही खंडणी नाकारली, ८४४ साली क्लाविखो येथे लढाई झाली आणि संत याकोब पांढऱ्या घोड्यावर बसून ख्रिस्ती सैन्याच्या मदतीस धावला, असे कथेत पुढे येते. (हा याकोब म्हणजे आपला याकोब आबीनू नव्हे, येशूच्या शिष्यांपैकी एक.) इतिहासकारांनी ही लढाई झालीच नाही असे दाखवून दिले आहे. खंडणी असती तरी ती त्या वेळच्या राजधानीत, कोर्दोबास गेली असती, सेव्हिलला नव्हे.

परंतु कथा फुकाची नव्हती. बाराव्या शतकाच्या मध्यास सान्तियागोच्या चर्चमधील एका धर्माधिकाऱ्याने रामिरो राजाच्या नावाचे एक दानपत्र तयार केले. कुमारिका वाचल्या व लढाई जिंकली म्हणून राजाने संताच्या चर्चला धान्य व द्राक्षारस ह्यांचा वार्षिक हिस्सा कायमचा लावून दिला, असे त्यात लिहिलेले होते. ह्या बनावट कागदाच्या आधारे शेतकऱ्यांकडून शतकानुशतके वसुली होत राहिली. १८१२ मध्ये कादिस येथे भरलेल्या संसदेने ती रद्द ठरविली, इतके दिवस ती टिकली होती. न झालेल्या लढाईसाठी, न दिलेल्या कुमारिकांच्या नावाने, खरेखुरे धान्य खऱ्याखुऱ्या गरिबांच्या कणगीतून उचलले गेले. दंतकथा कोणी व कशासाठी सांगितली हे पाहणे किती आवश्यक असते, ते येथे दिसते.

पेद्रोविषयीच्या दंतकथा तर अगणित. त्याची प्रिया मारिया दे पादिया हिच्या नावाने ओळखले जाणारे स्नानगृह अल्काझारमध्ये जमिनीखाली दाखवितात आणि दरबारी लोक तिच्या स्नानाचे पाणी पीत असत, असेही सांगतात. वस्तुतः ती पावसाचे पाणी साठविण्याची टाकी आहे. फाद्रिकेची हकिकत मात्र खरी. तो पेद्रोचा सावत्र भाऊ व एका लढवय्या धर्मसंघाचा मुखत्यार. २९ मे १३५८ रोजी तो राजाच्या बोलावण्यावरून अल्काझारमध्ये आला असता राजाच्या गदाधारी शिपायांनी त्याला आवारातच ठार मारले. राजाने त्याच जागी जेवण घेतले, असे बखरकार लिहितो. आजही वाटाडे फरशीवरील तांबूस डाग दाखवून हेच ते रक्त म्हणतात. शनिवारवाड्यात नारायणरावांची हाक ऐकू येते म्हणणारे आमच्या ओळखीचे आहेत. त्याच जातीचे हे डाग.

चार वर्षांनी, १३६२ मध्ये, आणखी एक प्रकार घडला. पाचव्या मुहम्मदाला हुसकावून ग्रानादाची गादी बळकावणारा सहावा मुहम्मद, ज्याला तांबड्या केसांमुळे ‘तांबडा राजा’ म्हणत, तो आपली जडजवाहिरे घेऊन तडजोडीसाठी सेव्हिलला आला. पेद्रोने त्याचा पाहुणचार केला आणि मग शहराबाहेर ताब्लादाच्या माळावर नेऊन त्याला मारविले. पहिला भाला खुद्द राजाने फेकला, असे बखर सांगते. त्या जवाहिरातील एक मोठा लाल खडा पेद्रोने पुढे इंग्लंडच्या युवराजाला युद्धातील मदतीबद्दल दिला आणि तोच आज ब्रिटिश राजमुकुटाच्या दर्शनी भागी आहे, अशी परंपरा आहे. तो माणिक म्हणून प्रसिद्ध असला तरी स्पिनेल जातीचा खडा आहे. इकडे पाचवा मुहम्मद ग्रानादाला परतला आणि त्याने आपल्या महालात सिंहांचा चौक बांधविला. सहलीतील मंडळी सेव्हिलनंतर दोनच दिवसांत तो पाहतात. हे दोन चौक दोन मित्रांचे आहेत आणि ती मैत्री एका खुनाने पक्की झालेली आहे.

आता शमुवेल हलेवी. हे अबुलाफिया घराण्यातील. आरंभी एका सरदाराचा कारभार पाहत असताना त्यांची हुशारी दिसून आली आणि ते पेद्रोच्या पदरी मुख्य खजिनदार झाले. राज्याचा वसूल वर्षानुवर्षे तुंबलेला होता, तहसीलदारांचे हिशेब कोणी तपासीत नव्हते. शमुवेलनी ते सगळे तपासून थकबाकी वसूल केली आणि रिकामा खजिना भरला. राजा त्यांना विचारल्याखेरीज पाऊल टाकीत नसे. पोर्तुगालशी बोलणी करण्यास त्यांनाच पाठविण्यात आले. ह्या पदाची किंमत त्यांच्या ज्ञातिबांधवांनी आधी मोजली. १३५५ मध्ये पेद्रोचा सावत्र भाऊ एन्रिके ह्याच्या माणसांनी तोलेदोत शिरून यहुद्यांच्या लहान मोहल्ल्यावर हल्ला केला. बखरकाराने मृतांचा आकडा १,२०० दिला आहे.

त्यानंतर दोनच वर्षांत, १३५७ मध्ये, शमुवेलनी तोलेदोत आपले सिनेगॉग पुरे केले. नवे सिनेगॉग बांधण्यास त्या काळच्या कायद्याने मनाई होती, तरी राजाने ते होऊ दिले. सुमारे २३ मीटर लांब, साडेनऊ मीटर रुंद व १२ मीटर उंच असे ते एकच दालन आहे. वर लाकडी छत, भिंतींच्या माथ्यावर तेहिल्लीममधील वचनांचे पट्टे, स्त्रियांसाठी सज्जा. सेव्हिलच्या चौकात जी चुन्याची जाळीदार नक्षी दिसते, तिचे सख्खे भावंड येथे दिसते. पानाफुलांतून वळत जाणारी तीच रेषा, आणि अरबी अक्षरेदेखील! त्याच भिंतींवर कास्तील व लेओनची राजचिन्हे आहेत. पूर्वेच्या भिंतीवर, जेथे सेफर तोरा ठेवीत त्या हेखालच्या दोन्ही बाजूंस, इब्रीत मोठा लेख आहे. त्यात राजा पेद्रोची स्तुती करून परमेश्वराने त्याचे साहाय्य करावे अशी प्रार्थना आहे, आणि शमुवेलचा गौरव आहे.

तीन वर्षांनी, १३६० मध्ये, राजाने हुकूम काढला. शमुवेल आणि त्यांचे नातलग ह्यांना एकाच दिवशी पकडण्यात आले. शमुवेलना सेव्हिलला आणून जहाजे बांधण्याच्या गोदीत कोंडण्यात आले. लपविलेले धन कोठे आहे ते सांगावे म्हणून त्यांचा छळ झाला आणि त्यातच त्यांचा अंत झाला. त्यांची सर्व मालमत्ता राजाने घेतली. मागाहून त्यांच्या घराच्या तळघरात सोन्याचांदीचे ढीग सापडले आणि ते पाहून राजा हळहळला की, ह्यांतील लहानात लहान ढिगाचा तिसरा हिस्सा जरी त्याने मला दिला असता तरी मी त्याला छळू दिले नसते, अशी एक कथा सांगतात. ह्या कथेचा रोख आमच्या लक्षात येण्यास वेळ लागला नाही. मारणारा राजा तीत दयाळू होतो आणि मेलेला यहुदी कंजूष. महालाच्या दर्शनी भिंतीवर १३६४ हे साल कोरले गेले तेव्हा शमुवेल जाऊन तीन-चार वर्षे झाली होती. ज्या खजिन्याला त्यांनी शिस्त लावली आणि ज्यात त्यांचे स्वतःचे धन जमा झाले, त्याच खजिन्याचा हा राजा धनी होता.

शमुवेल हे नाव वाचताना आपल्या मनात दुसऱ्या शमुवेलची आठवण येणे साहजिक आहे. मुंबईचे पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये शमुवेल इझिकेल दिवेकर ह्यांनी बांधले. हे इंग्रजांच्या फौजेतील अधिकारी होते, आणि टिपू सुलतानाशी झालेल्या युद्धात ते कैद झाले. तू कोण असे विचारल्यावर त्यांनी ‘बेने इस्राएल’ असे उत्तर दिले. ह्या लोकांचा उल्लेख कुराणात आहे, त्यांना मारू नये, असे सुलतानाच्या आईने सांगितले आणि त्यांचा जीव वाचला, ही कथा आपण आजीच्या तोंडून ऐकली आहे. हीही दंतकथाच, पण तिच्यात कोणी कोणाला बदनाम करीत नाही. आपण कोकणात तेल गाळून शनिवार पाळीत राहिलो, आणि शेजाऱ्याने ‘शनवार तेली’ म्हणण्यापलीकडे आपल्याला काही केले नाही. स्पेनच्या यहुद्यांना विद्या, काव्य, दरबार सारे मिळाले. कोर्दोबात जन्मलेल्या रांबामने आपल्या एका पत्रात हिंदुस्थानातील यहुद्यांविषयी लिहिले आहे की, त्यांना तोरा ठाऊक नाही, शब्बाथ आणि आठव्या दिवसाची सुंता एवढेच ते पाळतात. ते आपल्याविषयीच असावे असे अनेक अभ्यासक मानतात. लहानपणी ही ओळ वाचून आम्हांस कमीपणा वाटत असे. सेव्हिलची हकिकत वाचल्यापासून तो वाटेनासा झाला आहे.

असो. पेद्रोविरुद्ध उठलेल्या एन्रिकेने यहुद्यांच्या नावाचा उपयोग करून घेतला. राजा यहुद्यांचा कैवारी आहे इतके म्हणून त्याचे पक्षपाती थांबले नाहीत. पेद्रो हा मुळी राणीचा मुलगाच नव्हे, पेरो खिल नावाच्या यहुद्याचे पोर पाळण्यात बदलले गेले, अशी आवई त्यांनी उठविली. स्वतःच्या खजिनदाराचे हाल करणारा राजा अशा रीतीने शत्रूंच्या तोंडी ‘यहुदी’ ठरला. २३ मार्च १३६९ रोजी मोन्तिएल येथे एन्रिकेने त्याला स्वतःच्या हाताने ठार केले आणि तो गादीवर बसला. आणि त्याने हिशेब पाहण्यासाठी कोणाला नेमले? सेव्हिलच्या योसेफ पिचोनला, म्हणजे यहुद्यालाच! पेद्रोची बखर लिहिणारा लोपेस दे आयाला हा आधी पेद्रोच्या चाकरीत असून नंतर एन्रिकेला मिळालेला होता, हेही ‘क्रूर’ हे विशेषण वाचताना ध्यानात ठेवले पाहिजे. ते विशेषण पेद्रोने कमावलेले होते यात शंका नाही, परंतु एन्रिकेला मात्र इतिहासाने ‘दानशूर’ म्हटले आहे.

पेरलेले उगवले. एसिहाचा धर्माधिकारी फेरांद मार्तिनेस हा सेव्हिलमध्ये यहुद्यांविरुद्ध वर्षानुवर्षे प्रवचने झोडीत होता. १३९० मध्ये राजा मरण पावला, गादीवर अल्पवयी मुलगा आला, आणि ६ जून १३९१ रोजी जमावाने अल्काझारच्या भिंतीलगतच्या यहुदी मोहल्ल्याची वेस फोडली. कत्तल, लूट आणि सक्तीचा बाप्तिस्मा. तेथून ती आग कोर्दोबा, तोलेदो, वालेन्सिया, बार्सेलोनापर्यंत गेली. मोहल्ल्यातील सिनेगॉगांची चर्चे झाली, त्यांतील एक ‘सान्ता मारिया ला ब्लांका’ ह्या नावाने आजही उभे आहे. पुढे ६ फेब्रुवारी १४८१ रोजी इन्क्विझिशनने पहिली माणसे जाळली तीही सेव्हिलातच. १४८३ मध्ये आन्दालुसियातील यहुद्यांना हद्दपार करण्यात आले आणि ३१ मार्च १४९२ च्या ग्रानादा येथील फर्मानाने साऱ्या देशातील. त्या मोहल्ल्याच्या गल्ल्या आज फुलझाडांच्या कुंड्यांनी सजविलेल्या आहेत आणि सहलीतील मंडळी तेथे थंड पेये पितात.

चौकाचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. १५२६ मध्ये सम्राट पाचव्या कार्लोसचा पोर्तुगालच्या इसाबेलशी विवाह ह्याच राजवाड्यात झाला. १५४० ते १५७२ ह्या काळात चौकावर इटालियन धाटणीचा वरचा मजला चढला. तो वाईट नाही, पण खालच्या मजल्याशी त्याचे बोलणे नाही. १५८० नंतर लवकरच बाग व हौद मातीने भरून त्यावर संगमरवरी फरशी घातली गेली आणि मधोमध कारंजे बसले. पुढे चारशे वर्षे लोकांनी तीच फरशी मूळची समजून पाहिली, तिची चित्रे काढली, कुमारिका कोठे उभ्या करीत तेही तिच्यावर बोट ठेवून दाखविले. २००२ नंतर पुरातत्त्वज्ञांनी फरशी उचलून खणले, तेव्हा खाली पेद्रोच्या वेळचा लांब हौद आणि दोन्ही बाजूंची खोलगट बाग, तिच्या भिंतींवरील विटांच्या एकमेकींत गुंतलेल्या कमानींसह, जशीच्या तशी सापडली. फरशीनेच ती सांभाळून ठेवली होती. ती बाग पुन्हा मोकळी करण्यात आली. छायाचित्रात दिसते ती हीच. याच सुमारास क्रूसयुद्धांवरील एका मोठ्या इंग्रजी चित्रपटाचे चित्रीकरण ह्या राजवाड्यात झाले आणि २००५ मध्ये तो पडद्यावर आला. त्यात हा महाल कोणाचा म्हणून दाखविला आहे? यरुशलेमच्या राजाचा!

स्पेनला जाणाऱ्या मंडळींस आमची एक विनंती आहे. तोलेदोत गाडी बहुधा दोन तास थांबते आणि त्यांतला बराच वेळ सुऱ्याकट्यारींच्या दुकानांत जातो. शमुवेलचे सिनेगॉग १४९२ नंतर चर्च झाले, मेरीच्या निधनाच्या एका चित्रावरून त्याला ‘एल त्रान्सितो’ हे नाव पडले, आणि आता तेथे स्पेनमधील यहुद्यांचे संग्रहालय आहे. तेथे जरूर जावे, आणि शाळेत जाणारी नातवंडे बरोबर असतील तर त्यांना पूर्वेच्या भिंतीपुढे उभे करावे. काही अक्षरे झिजली आहेत, परंतु लिपी तीच चौकोनी, जी ती मुले इकडे बालवाडीपासून गिरवितात. ज्या राजाच्या चौकात तुम्ही पुढच्या मुक्कामी जाणार, त्याचे नाव आणि त्याच्या खजिनदाराचे नाव ती अक्षरे जुळवून तुम्हांला वाचून दाखवतील.